धूर कधी येतो, ते आधी सांग

ऑइल ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आयटीआयच्या पहिल्याच वर्षी हे सांगितलं होतं. तू ते वहीत उतरवलंस, पेपरात लिहिलंस, मार्कही मिळवलेस. आणि आज स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभा राहून काय करतोयस? गिऱ्हाईक म्हणालं, गाडी निळा धूर टाकते. तू पट्टी ओढलीस, ऑइल खाली दिसलं, अर्धा लिटर ओतलंस, बॉनेट आपटलंस. वर सांगितलंस, "जुनी गाडी आहे काका, चालायचंच."

चालायचंच? असं कोण म्हणतं? ज्याला बघायचं नसतं, तो म्हणतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धा लिटर. त्याच्या पुढच्या महिन्यात जाड ऑइल. मग दुकानातली "धूर बंद करणारी" बाटली. आणि एवढं सगळं फसल्यावर एके दिवशी निकाल देऊन मोकळा झालास: "रिंगा गेल्या. इंजिन बांधावं लागेल." काकांनी खर्च विचारला, तू आकडा सांगितलास आणि माणूस गप्प झाला. पेन्शनीवर जगणारा माणूस. ते माझ्याकडे आले. तुझी तक्रार करायला नाही, एवढंच विचारायला, की गाडी भंगारात द्यावी का?

१९९८ सालची मारुती ८००. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पत्रा शाबूत, गिअर लोण्यासारखे पडतात, घाटाला दम लागत नाही. अशी गाडी तू भंगारवाल्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलीस. कशाच्या जोरावर? कंप्रेशन गेज लावलंस? नाही. प्लग काढून बघितलेस? नाही. काकांना एक प्रश्न तरी विचारलास?

प्रश्न एकच होता. धूर कधी येतो?

रंग बघितलास, कबूल. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा आणि विरता विरत नाही तो कूलंटचा. एवढं नाक्यावरचं पोरगंही सांगतं. रंगावरून कळतं काय जळतंय. ते कुठून येतंय, हे वेळेवरून कळतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या स्टार्टला ढग येतो आणि थोड्या वेळात साफ होतो? सिग्नलला दोन-तीन मिनिटं आयडलला थांबून निघताना भपकारा येतो? आंबा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि खाली साखरप्याकडे सपाटीला लागल्यावर पाय दिला की मागचा दुचाकीवाला निळ्या धुरात दिसेनासा होतो? आणि चढाला, भर लोडवर, काहीच नाही?

आता सांग, हे कशाचं लक्षण आहे? मला सांगायची गरज आहे का? तोंडी परीक्षेत हेच तू न अडखळता सांगितलं होतंस. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवत होते. व्हॉल्व्ह सील. गाईडच्या डोक्यावर बसणारी, करंगळीच्या टोकाएवढी रबराची टोपी. त्या इंजिनात सहा व्हॉल्व्ह, म्हणून सहा सील. सेटची किंमत काही शे रुपये. आणि तू काकांना हजारोंचा आकडा ऐकवलास.

कारण सुद्धा तुला पाठ आहे. टॅपेट कव्हरखाली हेडमध्ये ऑइल उडत असतं. कॅमला लागतं, रॉकरला लागतं, गाईडमध्ये वरखाली करणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यालाही पुसटसं लागतंच. कोरडा दांडा गाईड खातो. म्हणून सीलचं काम ऑइल पूर्ण अडवायचं नाही, मोजून सोडायचं. सीलचा ओठ दांड्याला घट्ट धरून असतो, वरून बारीक स्प्रिंगची कडी त्याला आवळून ठेवते. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं, ओठ झिजतो, चिरतो. मग मोजणं संपतं आणि गळणं सुरू होतं. रात्री हेडमध्ये साठलेलं ऑइल दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरतं. ते सकाळी जळतं. पाय काढून उतार उतरताना कार्ब्युरेटरचा पडदा बंद, इंजिन फिरतंय, इनटेक मॅनिफोल्डमध्ये जबर व्हॅक्यूम. ते व्हॅक्यूम इनटेकच्या गाईडमधून ऑइल ओढून घेतं. आयडललाही तेच होतं, म्हणून सिग्नलवरून निघताना भपकारा. चढाला पडदा उघडा, व्हॅक्यूम उतरलेलं, म्हणून धूर नाही.

आणि रिंगा? रिंगा गेल्या की धूर कधी येतो? जोर लावल्यावर. चढाला, ओव्हरटेक करताना, सतत, मागे शेपूट लावल्यासारखा. ऑइलचं झाकण उघडलं तर इंजिन तिथून फुसफुसतं, कारण जळलेला गॅस पिस्टनवरून खाली उतरून क्रँककेसमध्ये शिरतो. कंप्रेशन पडतं, पिकअप मरतो. यातलं काकांच्या गाडीत काय होतं? तू झाकण तरी उघडलंस का? उघडलंस. ऑइल ओतायला उघडलंस. क्षणभर तिथे हात धरून बघितलं असतंस तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं असतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरला तू काय म्हणशील? मग स्वतःला काय म्हणशील?

आता तुझ्या सबबी एकेक समोर घे. पळू देणार नाही.

"सर, जाड ऑइल टाकलं तर कमी होतं." होतं, काही दिवस. कारण जाड ऑइल हळू उतरतं. ओठ चिरलेला तो चिरलेलाच. उलट थंड इंजिनात तेच जाड ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि सकाळची ती पहिली काही सेकंदंच कॅम आणि रॉकर सर्वात जास्त झिजवतात. म्हणजे धूर थोडा दडवलास आणि झीज वाढवलीस. त्या गाडीला कुठलं ऑइल घालायचं हे कंपनीने पुस्तकात छापलंय. ते तुझ्या सोयीसाठी बदलत नाही.

"बाटलीतलं औषध टाकलं तर रबर मऊ होतं." मऊ होतं, थोडं फुगतंही. झिजलेला ओठ पुन्हा उगवतो का? चिरलेला सांधला जातो का? औषधाने दुरुस्ती होत असती तर तुला आयटीआयला कशाला घातला असता? दुकानदारानेच गाड्या दुरुस्त केल्या असत्या. तुला हे कळत नाही असं मला म्हणायचंच नाही. कळतं, पण वळत नाही, हेच तर दुखणं आहे.

"पीयूसी पास झालीय." पेट्रोल गाडीचं पीयूसी कसं करतात? इंजिन गरम करून, आयडलला नळी लावून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. सकाळचा पहिला ढग कुणी मोजला? घाट उतरल्यावरचा भपकारा कुणी मोजला? त्या कागदाने आरटीओचा दंड टळतो. इंजिन निरोगी आहे असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. तुला हेही ठाऊक आहे, तरी तू तो कागद ढालीसारखा पुढे करतोस.

"गिऱ्हाईक पैसे खर्च करायला तयार नसतं." कशावर खर्च करायला तयार नसतं? तुझ्या अंदाजावर. बरोबरच आहे त्याचं. तू त्याला तीन सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून दाखव. प्लग हातात दे, ऑइलने काळा झालेला. "काका, सहा सील बदलायची, एवढी मजुरी, एवढे पार्ट" असं सांग. मग बघ तो काय म्हणतो. महिन्याला अर्धा लिटर ऑइलचे पैसे तो देतोच आहे ना? ते तुला चालतात?

"हत्यारं नाहीत." कुठलं नाही? कंप्रेशन गेज नाही? घे. मोबाईल बदलायला पैसे सापडतात ना? स्प्रिंग कंप्रेसर नाही? शेजारच्या गॅरेजात आहे, विचारायला जीभ जड होते? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुझ्याकडूनच वर्गात म्हणवून घेतली होती.

"वेळ नाही." ही सबब मला सर्वात जास्त लागते. तीन महिने दर खेपेला ती गाडी तुझ्या दारात उभी होती. तीन महिन्यांत अर्धा दिवस सापडला नाही? वेळ होता. तो तू वेळ मारून नेण्यात घालवलास.

तुझा खरा दोष मी सांगतो. तू आळशी नाहीस. क्लच प्लेट टाकायची असली की तू दुपारचं जेवण विसरतोस. तुला भीती वाटते ती बघण्याची. गेज लावलं की आकडा येतो, आणि आकडा आला की मग तुला उत्तर द्यावं लागतं. अंदाज सांगितला की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. "अनुभव आहे" म्हटलं की विषय संपतो. अरे, ज्या अनुभवाला मोजायची भीती वाटते तो अनुभव कसला? ती सवय असते. वाईट सवय.

आता काय करायचं ते ऐक. नवीन काही नाही. तुझ्याच वहीतलं आहे.

आधी ऑइल खरंच जळतंय की गळतंय, ते बघ. टॅपेट कव्हरचं गॅसकेट, क्रँकचं पुढचं-मागचं सील, डिस्ट्रिब्युटरचं बूड, ऑइल फिल्टर, सगळं पुसून कोरडं कर, गाडी फिरव, पुन्हा बघ. जमिनीवर सांडलेलं ऑइल तू धुरात शोधत बसलास तर शोभेल का? मग पट्टीवर खूण करून ठेव आणि किलोमीटर लिहून घे. हजार किलोमीटरला किती गेलं? आकडा हवा, "बरंच खाते" नको.

ब्रीदरची नळी आणि त्यावरचा व्हॉल्व्ह बघ. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि चांगल्या इंजिनातही ऑइल वर ढकललं जातं. साफ करायला जेमतेम काही मिनिटं लागतात. कितीदा साफ केलास? मला उत्तर माहीत आहे.

प्लग तिन्ही काढ. क्रमाने मांड, एक, दोन, तीन. एकच ओला काळा आहे की तिन्ही? तीन सिलिंडरच्या इंजिनात एका प्लगवर ऑइल बसून तो मेला तर गाडी कशी हादरते, ते गिऱ्हाईकही सांगतं. प्लग स्वच्छ आहेत आणि धूर तर येतो? मग एक्झॉस्ट बाजूचं सील बघ. तिथे ऑइल तापलेल्या पोर्टमध्ये पडून तिथेच जळतं, सिलिंडरमध्ये येतच नाही, म्हणून प्लग कोरडा राहतो. हे वर्गात तुला सगळ्यात आधी कळलं होतं.

मग कंप्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. तिन्ही आकडे लिही. आता प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घे. आकडा चढला तर रिंगांची गळती ऑइलने तात्पुरती बुजली, म्हणजे रिंगा. चढला नाही आणि मुळातच कमी होता, तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड गॅसकेट गेलंय. दोन्ही वेळा चांगला आला तर?

इथेच तुझ्यासारखे हुशार लोक घाई करतात. आकडा चांगला, म्हणजे सीलच. थांब. सील गेलं म्हणून कंप्रेशन कधीच पडत नाही, कारण सील व्हॉल्व्हच्या वर बसतं आणि दाब खाली असतो. पण पिस्टनवरची तिसरी रिंग, ऑइल रिंग, कार्बनने चिकटली तरी वरच्या दोन रिंगा कंप्रेशन सांभाळतात. आकडा चांगला आणि ऑइल तरी जळतंय, असं तिथेही होतं. म्हणून एका पुराव्यावर फाशी देऊ नकोस. धूर कधी येतो, हे कंप्रेशनच्या जोडीला ठेव. हवा सोडून गळती तपासता येत असेल तर तीही घे. पिस्टन अगदी वर ठेव, प्लगच्या भोकातून दाबाची हवा दे आणि ऐक. झाकणातून आवाज आला तर रिंगा, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. कान आहेत ना? मग वापर.

सगळं जुळलं की मग खोल. आणि खोलायला सुरुवात केलीस की वाटेत हात आखडू नकोस.

हेड न उतरवता सील बदलता येतात. टॅपेट कव्हर काढ, मॅन्युअलप्रमाणे रॉकर आणि शाफ्ट काढ, कुठला रॉकर कुठल्या जागेचा ते खुणा करून मांड. झिजलेला रॉकर आपल्याच कॅमशी रुळलेला असतो, त्याची जागा बदललीस तर नवं दुखणं तू स्वतः विकत घेतलंस. रॉकर निघाले की सगळे व्हॉल्व्ह आपोआप बंद राहतात. आता प्रश्न एकच उरतो. स्प्रिंगचे लॉक काढल्यावर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडता कामा नये.

त्यासाठी प्लगच्या भोकातून मऊ, न उसवणारी नायलॉनची दोरी आत सोड. पिस्टन थोडा खाली असताना सोड. बाहेरच्या टोकाला गाठ मार, आणि ते टोक बाहेरच राहील हे बघ. मग क्रँक हाताने, सॉकेट लावून, फिरण्याच्याच दिशेने हळूहळू फिरव. पिस्टन वर आला की दोरी दाबली जाते आणि दोन्ही व्हॉल्व्हना खालून आधार मिळतो. स्टार्टर मारू नकोस. हे सांगायला लागू नये, तरी सांगतो, कारण घाईत तू काय करशील याचा भरवसा उरलेला नाही.

हेडमधली ऑइल उतरायची भोकं चिंध्यांनी बंद कर. किती चिंध्या कोंबल्यास ते मोज, काढताना तितक्याच काढ. एक लॉक निसटून खाली सम्पमध्ये गेला, की त्या दिवशीचं काम चौपट झालं. लॉक चिकटून बसले असतील तर स्प्रिंगवरच्या वाटीवर सॉकेट ठेवून हलका ठोका दे, मग कंप्रेसर लाव. लॉक चुंबकाने उचल. डोळ्यावर चष्मा लाव. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती तुझा अनुभव विचारत नाही.

जुनं सील पक्कडीने वर ओढून काढ. काढलंस की फेकू नकोस. नखाने दाबून बघ. नवीन सील दबतं आणि परत येतं. जुनं दगड झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. ते काकांच्या हातात दे. त्यांनाही कळू दे पैसे कशाचे दिले.

मग गाईड. हीच पायरी सगळे चुकवतात, आणि तूही चुकवणार होतास. दोरीचा ताण थोडा सोड, पिस्टन वरच्या अंगालाच ठेव, व्हॉल्व्हचा दांडा हातात धरून किंचित खाली घे आणि आजूबाजूला हलव. खुळखुळतो? मग नवीन सील घालून फसवू नकोस. डुलणारा दांडा नव्या सीलचा ओठ थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. तेव्हा हेड उतरव, गाईड बदल, रीमर फिरव, सीट घे. काम वाढतं, खर्च वाढतो, तोही गिऱ्हाइकाला आधीच सांग. पण बघितल्याशिवाय सांगू नकोस आणि बघून लपवू नकोस.

नवं सील घालताना तरी हात सावकाश चालव. स्प्रिंगखालची वाटी आधी बसलीय का, बघ. दांड्याच्या टोकाशी लॉकची खाच असते, तिच्या कडा धारदार असतात. पाकिटात प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती दांड्यावर चढव, नसेल तर पातळ टेप गुंडाळ, वर ऑइल लाव, मग सील सरकव. नाहीतर नवंकोरं सील पहिल्याच क्षणी चिरतं आणि तू म्हणतोस, "माल डुप्लिकेट होता." सरळ दाब, बसेल त्या मापाच्या सॉकेटने, हातोडीने ठोकून नाही. इनटेक आणि एक्झॉस्टची सील वेगळी आहेत का, ते पाकिटावर वाच. आणि सील घेताना दोन पैसे जास्त दे. साधं नायट्राईल रबर साधारण शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे फार काळ टिकत नाही, व्हायटॉन दोनशेच्या आसपासही टिकतं. हेडमधली उष्णता तुला माहीत आहे. मग दुकानदार जे पुढे सरकवेल ते घेऊन का येतोस?

लॉक बसवले की दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या हातोडीने एक हलका ठोका दे, म्हणजे लॉक नीट बसतात. क्रँक किंचित मागे घेऊन दोरी ओढ. मग पुढचा सिलिंडर. सगळं झाल्यावर टॅपेट मॅन्युअलमधल्या मापाला थंड इंजिनावर सेट कर, फिलर गेजने, बोटाच्या अंदाजाने नाही. इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरव. कुठे अडकलं तर थांब. टॅपेट कव्हरला नवीन गॅसकेट घाल. जुन्यावर सिलिकॉन थापून पाठवलंस तर पुन्हा माझ्यासमोर उभा राहू नकोस.

पहिल्या स्टार्टला थोडा धूर येईल. सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल साठलेलं असतं, ते जळू दे. काकांना हे आधीच सांग, नाहीतर घरी पोचायच्या आतच त्यांना वाटेल की तू फसवलंस. मग पट्टीवर पुन्हा खूण, पुन्हा हजार किलोमीटर, पुन्हा आकडा. दुरुस्ती झाली की नाही, हे तो आकडा सांगेल. तू सांगायचं नाही.

आणि न केल्याचा हिशेबही ऐक, कारण "चालतंय की" म्हणणारा तूच. जळलेल्या ऑइलचा कार्बन व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि चेंबरमध्ये साठतो, मग गाडी खडखडते. प्लग मरतात. पुढे आलेल्या एमपीएफआय गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ऑइलमधला फॉस्फरस त्याला निकामी करतो. आणि सर्वात वाईट म्हणजे पातळी. या इंजिनात ऑइल सुमारे तीन लिटर. एक लिटर कमी झालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. काकांनी एखाद्या महिन्यात पट्टी बघायची राहिली, लांबच्या प्रवासाला निघाले, आणि बेअरिंग धरलं. तेव्हा खरंच इंजिन बांधावं लागेल. तुझा खोटा निकाल तू स्वतःच खरा करून दाखवशील.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची तयार झाली. या जिल्ह्यात किती घरांतली पहिली चारचाकी हीच होती, विचारून बघ. कुणाच्या बायकोला बाळंतपणाला तिने दवाखान्यात पोचवलं, कुणाची मुलगी तिच्यातूनच सासरी गेली. ती माणसं आता म्हातारी आहेत. नवीन गाडी त्यांना परवडत नाही, आणि परवडली तरी त्यांना ती नको आहे. ती तुझ्याकडे विश्वासाने येतात. त्यांना इंजिनातलं कळत नाही, म्हणून तुला कळलं पाहिजे. त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून तू विचारले पाहिजेत. ज्याला काही कळत नाही त्याने अंदाज सांगितला तर मी सोडून देईन. तू सांगितलास, म्हणून मला राग आला. वर्गात तुझ्याइतके चांगले हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. त्या हातांनी तू बाटल्या ओततोयस, हे मला बघवत नाही.

काकांना मी भंगारवाल्याकडे जाऊ दिलेलं नाही. गाडी त्यांच्या दारात आहे. उद्या पहाटे जा, इंजिन थंड असताना. त्यांना स्टार्ट करायला सांग आणि तू मागे उभा राहा. मग गाडी गॅरेजात घे. तीन प्लग क्रमाने, तीन आकडे कोरडे, तीन आकडे ओले, ब्रीदरची स्थिती, आणि धूर कधी येतो याचं काकांच्याच तोंडचं उत्तर, सगळं कागदावर लिही. तो कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे ये. पुढचं काम आपण दोघं बसून ठरवू. कागद नसेल तर येऊ नकोस. तोंडी काही ऐकणार नाही.